पाणी केव्हा मारावे, केव्हा दूर ठेवावे?
राळबद्ध पृष्ठभागांची अंथरणीनंतरची निगा

मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर ओळीने वसलेली उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे शेजारी असली, तरी त्यांची जडणघडण निरनिराळी आहे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांचा निवारा उभा राहिला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव लाभले. अंबरनाथास इ. स. १०६० मधील शिलाहारकालीन शिवमंदिराचा वारसा आहे आणि त्याच गावाच्या दुसऱ्या अंगास आयुधनिर्माणी व औद्योगिक वसाहत आहे. उल्हास नदीकाठचे बदलापूर हे बारवी धरणाचे शेजारी. एकेकाळचे शांत गाव आज दाट वस्तीचे नगर झाले आहे. या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट मात्र समान आहे. पावसाळा सरला की रस्ते, गल्ल्या, शाळांची प्रांगणे आणि उद्यानांतील पायवाटा यांची कामे हाती घेतली जातात आणि पुढचा पावसाळा त्या कामांची परीक्षा घेतो.

या परीक्षेत नापास होणारी सर्वच कामे वाईट मालाची असतात असे नाही. पुष्कळदा माल योग्य असतो, प्रमाण योग्य असते, मिस्त्रीचा हातही सरावाचा असतो. उणीव राहते ती अंथरणीनंतरच्या दिवसांत. नव्याने अंथरलेला थर वरून पूर्ण झालेला दिसला, तरी आतून तो अद्याप घडत असतो. या घडण्याच्या काळात त्याची घ्यावयाची काळजी म्हणजेच ‘क्युअरिंग’ होय. गवंड्यांच्या बोलीत या क्रियेस ‘पाणी मारणे’ असे म्हणतात. सिमेंटच्या बाबतीत हा शब्द अगदी समर्पक आहे. परंतु कृत्रिम राळेने, म्हणजेच रेझिनने, बांधलेल्या पृष्ठभागाच्या बाबतीत तोच शब्द आणि तीच सवय घातक ठरते. सिमेंटला पहिल्या दिवसांत पाणी जितके हवे, तितकेच ते या राळेला नको असते. हा एक भेद काम करून घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या, पंचायत सदस्याच्या आणि शाळेच्या मुख्याध्यापकाच्या ध्यानात असला, तर बराचसा अपव्यय टळू शकतो.

राळबद्ध पृष्ठभाग म्हणजे काय?

स्वच्छ धुतलेली, पूर्णपणे वाळवलेली बारीक खडी आणि वाळू घेऊन तीत द्रवरूप कृत्रिम राळ मिसळावयाची, प्रत्येक कणावर राळेचा पातळ लेप बसेपर्यंत ते मिश्रण यंत्राने घोळावयाचे आणि तयार मिश्रण पक्क्या पायावर पसरून थापीने सपाट करावयाचे, अशी ही पद्धती आहे. साधारणतः १०० किलो खडी-वाळूस ६ ते ८ किलो राळ लागते आणि थराची जाडी १५ ते २० मिलिमीटर ठेवतात. खडीचे कण एकमेकांना राळेच्या लेपाने चिकटतात, पण त्यांच्यामधील पोकळ्या मोकळ्या राहतात. त्यामुळे पाणी वर न साचता थरातून खाली झिरपते. राळ आधी पसरून तिच्यावर नुसती खडी पेरण्याची दुसरीही एक पद्धती आहे. तीत पोकळ्या राहत नाहीत आणि पाणीही झिरपत नाही. निविदेत या दोहोंपैकी कोणती पद्धती अभिप्रेत आहे, हे स्पष्ट लिहिलेले असावे.

बांधकामात चिकट द्रव्य वापरण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. जुन्या वाड्यांच्या गच्चीवर चुन्याचा कोबा घालताना गुळाचे पाणी, हिरडा आणि बेलफळाचा गर मिसळला जात असे. तो कोबा थाप्यांनी दिवसचे दिवस ठोकला जाई आणि ओला ठेवला जाई. कृत्रिम राळ ही मात्र रसायनशास्त्राची निर्मिती आहे. कारखाने, औषधनिर्मितीगृहे आणि रुग्णालये यांच्या जमिनींवर इपॉक्सी राळेचे अखंड थर आता परिचयाचे झाले आहेत. उघड्यावरील पायवाटा, उद्याने, झाडांभोवतीची आळी आणि शाळांची प्रांगणे यांसाठी मुख्यतः पॉलियुरेथेन राळ वापरतात. तिच्यातही उन्हाने पिवळी पडणारी आणि न पडणारी असे दोन प्रकार असतात. उघड्या जागेसाठी दुसरा प्रकार घ्यावा लागतो. तो अधिक महाग असतो.

सुकणे वेगळे, पक्व होणे वेगळे

सामान्य समज असा की, ओला थर सुकला म्हणजे तो पक्का झाला. हा समज दोन्ही बाबतींत चुकीचा आहे. सिमेंट सुकून कठीण होत नाही. पाण्याशी संयोग होऊन ते कठीण होते. काँक्रीटमधील पाणी उन्हाने उडून गेले, की हा संयोग अर्ध्यावर थांबतो. वरचा थर भुसभुशीत राहतो, त्यावर बारीक भेगा पडतात आणि वाहतुकीखाली त्याची धूळ होऊ लागते.

राळेचेही सुकण्याशी नाते नाही. ती दोन घटकांत येते. हे घटक एकत्र घोळले, की त्यांच्यात रासायनिक क्रिया सुरू होऊन द्रवाचे घन जाळे बनते. या क्रियेस वेळ लागतो आणि तो वेळ मुख्यतः तापमानावर अवलंबून असतो. ढोबळमानाने तापमान १० अंश सेल्सिअसने वाढल्यास क्रियेचा वेग दुप्पट होतो. पॉलियुरेथेनच्या दोन घटकांपैकी आयसोसायनेट हा घटक पाण्याशीही तत्परतेने संयोग पावतो. थर पक्व होण्यापूर्वी त्यावर पाणी पडले, तर हा घटक आपल्या जोडीदाराऐवजी पाण्याकडे वळतो, कार्बन डायऑक्साइड वायू निर्माण होतो आणि राळेला फेस येतो. वरून पांढुरके डाग दिसतात आणि आतून खडीची पकड सैल होते. सद्हेतूने, ‘थराला थोडे पाणी मारून घ्या’ असे सांगणारा देखरेखीवरील मनुष्य नकळत हेच घडवून आणतो.

खालचा थर : येथे पाणी हवेच

राळबद्ध थर स्वतः भार पेलत नाही. भार पेलतो तो खालचा पाया. हा पाया पाणी झिरपू देणाऱ्या डांबरी मिश्रणाचा असू शकतो किंवा काँक्रीटचा. काँक्रीटचा पाया अखंड असल्यास त्याला योग्य उतार द्यावा लागतो, अन्यथा झिरपलेले पाणी दोन थरांच्या मध्येच तुंबून राहते. पायाला पडलेली भेग आज ना उद्या वरच्या थरात उमटते. म्हणून पायातील सांधे वरच्या थरातही तसेच वर आणावे लागतात.

काँक्रीटच्या पायास पाण्याची जोपासना पुरेपूर मिळाली पाहिजे. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीनुसार साध्या पोर्टलँड सिमेंटचे काँक्रीट किमान ७ दिवस, तर राख किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटचे काँक्रीट किमान १० दिवस सतत ओले ठेवावयाचे असते. कोरड्या, उष्ण हवेत कोणत्याही सिमेंटसाठी ही मुदत १० दिवसांहून कमी असू नये आणि मिश्र सिमेंटच्या बाबतीत ती १४ दिवसांपर्यंत वाढवावी, अशी शिफारस आहे. बाजारात आज मिश्र सिमेंटच मोठ्या प्रमाणावर मिळत असल्याने ‘सात दिवस पुरे’ हा जुना हिशेब पुष्कळ ठिकाणी अपुरा पडतो. सकाळ-संध्याकाळ नळीने पाणी शिंपडणे म्हणजे सतत ओले ठेवणे नव्हे. दुपारच्या उन्हात काँक्रीट पुन्हा वाळते. कडेने मातीचे किंवा सिमेंटचे लहान बांध घालून पाणी साठविणे किंवा गोणपाटे अंथरून ती दिवसभर भिजलेली ठेवणे, हे उपाय साधे व खात्रीचे आहेत. गोणपाटांवर प्लास्टिकचा कागद अंथरल्यास पाण्याचीही बचत होते.

पाणी कोठले वापरावे, हाही या परिसरात महत्त्वाचा प्रश्न आहे. वालधुनी नदी अंबरनाथ आणि उल्हासनगर या दोन्ही शहरांतून वाहते आणि कारखान्यांच्या व वस्तीच्या सांडपाण्याने ती दीर्घकाळ दूषित झालेली आहे. काम नदीकाठी आहे आणि पाणी हाताशी आहे, एवढ्यावरून असे पाणी काँक्रीटसाठी घेणे योग्य नाही. आम्ल, तेल, क्षार व सल्फेट यांचा काँक्रीटवर आणि त्यातील लोखंडावर दुष्परिणाम होतो. वर निर्देशिलेल्या मानकानुसार पाण्याचा सामू ६ पेक्षा कमी असू नये. पिण्यास योग्य असलेले पाणी काँक्रीटसही योग्य, हा नियम सर्वसाधारणपणे विश्वसनीय आहे. मात्र पिण्याच्या पाण्याची टंचाई असताना ते जपून वापरावयाचे, तर गोणपाट आणि प्लास्टिकचा मार्गच श्रेयस्कर ठरतो.

ओले ठेवण्याची मुदत संपली, की भूमिका नेमकी उलट होते. आता पाया वाळू द्यावयाचा. काँक्रीट घातल्यापासून निदान २८ दिवस गेल्याखेरीज त्यावर राळेचा थर घालू नये. २८ दिवस झाले म्हणजे पाया वाळला असेच गृहीत धरू नये. त्याची परीक्षा करावी. सुमारे ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद काँक्रीटवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि निदान १६ तास तसाच राहू द्यावा. कागद काढल्यावर त्याच्या आतील अंगास पाण्याचे थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट पडलेले आढळले, तर पाया अद्याप ओला आहे असे समजावे. हा प्रयोग शाळेतील विद्यार्थ्यांसही करून दाखविता येईल, इतका सोपा आहे.

येथे आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पाण्याची अडचण असते तेथे ताज्या काँक्रीटवर मेणाचा किंवा राळेचा पातळ फवारा मारून आतील पाणी आतच कोंडून ठेवण्याची रीत आहे. काँक्रीटसाठी ती उपयुक्त आहे. परंतु हाच पापुद्रा पुढे राळबद्ध थराला पायाशी चिकटू देत नाही. असा फवारा मारलेला असल्यास पृष्ठभाग यंत्राने घासून काढावा लागतो. काँक्रीटवर आलेली सिमेंटची दुर्बल साय, तेलाचे डाग आणि धूळ यांचीही तीच गत. खडी धुण्याच्या बाबतीतही हयगय नसावी. आपल्याकडील काळ्या पाषाणाची खडी खाणीतून येते ती भुकटीने माखलेली असते. ती तशीच वापरल्यास राळ दगडास न चिकटता भुकटीस चिकटते.

दिवस आणि वेळ यांची निवड

कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर हे महिने राळकामास वर्ज्य मानावेत. ऑक्टोबरातही सायंकाळी गडगडाटासह सरी येतात. एप्रिल-मे महिन्यांत बदलापूर परिसरात तापमान ४० अंशांच्या आसपास जाते आणि उन्हात तापलेला पाया हवेपेक्षाही बराच अधिक तापतो. अशा वेळी राळ मिश्रणाच्या भांड्यातच घट्ट होऊ लागते. मिस्त्रीला सपाटीकरणास अवधी मिळत नाही, थापीच्या खुणा राहतात आणि खडी नीट दाबली जात नाही. म्हणून नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ या कामास सर्वांत अनुकूल होय. शाळांच्या प्रांगणांची कामे मेअखेर घाईने उरकण्यापेक्षा दिवाळीच्या सुटीत, पाऊस पूर्ण उघडल्याची खात्री करून, घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल. त्यासाठी काँक्रीटचा पाया उन्हाळी सुटीतच तयार करून ठेवता येतो.

हिवाळ्याचा स्वतःचा एक धोका आहे, तो म्हणजे दव. निरभ्र रात्री जमीन हवेहून लवकर थंड होते आणि पहाटे तिच्यावर ओलावा धरतो. डोळ्यांना तो दिसेलच असे नाही. हवेचे तापमान २८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २५ अंशांवर येतो. म्हणजे पायाचे तापमान तेवढे खाली गेल्यास त्यावर पाणी जमते. पायाचे तापमान दवबिंदूहून निदान ३ अंश अधिक असल्याखेरीज काम सुरू करू नये, असा दंडक आहे. व्यवहारात सांगावयाचे, तर हिवाळ्यात ऊन नीट चढल्यावर काम सुरू करावे आणि दुपारीच आटोपते घ्यावे. सायंकाळचे दव पडण्यापूर्वी थराला प्राथमिक कठीणपणा आलेला असावा.

पहिले सात दिवस

राळेच्या प्रत्येक उत्पादनासोबत त्याचे माहितीपत्रक असते आणि त्यातील मुदतीच प्रमाण मानाव्यात. तथापि २५ अंशांच्या आसपासच्या तापमानात साधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो.

पहिले ६ ते ८ तास हा सर्वांत नाजूक काळ होय. या काळात थरावर पाणी, दव, धूळ, पाने किंवा पाऊलखुणा पडता कामा नयेत. पावसाची शक्यता वाटल्यास ताडपत्रीचा तंबू उभारावा. मात्र ताडपत्री थरास टेकता कामा नये, कारण ती चिकटते आणि तिच्याखाली ओलावाही कोंडतो. भटकी कुत्री आणि गुरे यांना दोरीचे कुंपण अडवीत नाही. म्हणून रखवालदार नेमणे हाच खरा उपाय.

पहिला दिवस संपल्यावर त्यावरून माणसांना चालता येते. शाळेच्या प्रांगणात मात्र धावणे, खेळणे आणि बाके ओढणे आणखी एक-दोन दिवस थांबवावे. हलकी वाहने २४ ते ४८ तासांनंतर सोडता येतात; हवा थंड असल्यास ही मुदत वाढवावी. थर ताजा असताना सर्वांत अधिक इजा होते ती जागच्या जागी चाक वळविल्याने आणि दुचाकीच्या स्टँडच्या टोकाने. संपूर्ण मोटारीचे ओझे चार रुंद चाकांवर विभागले जाते, तर दुचाकीचा भार एका बोटाएवढ्या टोकावर येतो. पहिल्या आठवड्यात स्टँडखाली लहानशी फळी ठेवण्याची सवय रहिवाशांना लावावी.

सातव्या दिवसापर्यंत रासायनिक जाळे बहुतांशी पूर्ण होते. तोपर्यंत साबण, फिनेल, ॲसिड, रॉकेल, पेट्रोल किंवा रंगाचे थिनर यांपैकी कशाचाही स्पर्श त्यास होऊ देऊ नये. धुणेही याच मुदतीनंतर. कारखान्यांतील इपॉक्सी जमिनींनाही हाच नियम लागू आहे. तेथे पाऊल ठेवण्यायोग्य अवस्था दिवसभरात येत असली, तरी रसायनांना तोंड देण्याची पूर्ण शक्ती सुमारे आठवड्याने येते. दमट हवेत इपॉक्सीवर चिकट, पांढुरका पापुद्रा धरतो; तो धुऊन काढल्याशिवाय पुढील लेप दिल्यास तो लेप सुटून येतो.

दोष ओळखणे

काम ताब्यात घेण्यापूर्वी पाहणी कशी करावी, हे ठाऊक असणे आवश्यक आहे. काही भाग आठवडा उलटूनही चिकट राहिला असेल, तर राळेचे दोन घटक योग्य प्रमाणात किंवा पुरेसा वेळ घोळले गेले नाहीत, असे समजावे. हा दोष वाट पाहून बरा होत नाही. अर्धवट डबा अंदाजाने वाटून घेतल्याने तो बहुधा उद्भवतो. म्हणून डबे नेहमी पूर्णच वापरावेत. पांढुरके, फेसाळ डाग हे पाण्याचे लक्षण आहे. बोटाने घासताच खडी सुटत असेल, तर राळ कमी पडली, खडी धुळकट होती किंवा ओली होती. एका दिवसाच्या आणि दुसऱ्या दिवसाच्या कामात रंगाचा फरक दिसत असेल, तर खडीची खेप बदलली आहे. या सर्व दोषांवर वरून आणखी एक लेप देऊन ते झाकण्याचा मोह होतो. त्याने पोकळ्या बुजतात आणि दोष तसाच राहतो. दोषयुक्त भाग चौकोनी कापून पायापर्यंत काढावा आणि नव्याने भरावा, हाच योग्य मार्ग होय.

म्हणूनच प्रत्येक दिवशी कामाच्या ठिकाणी तारीख, काम सुरू केल्याची व संपविल्याची वेळ, हवेचे व पायाचे तापमान, आर्द्रता आणि राळेच्या डब्यांचे खेपक्रमांक यांची नोंद ठेवावी. मोजमाप पुस्तिकेत लांबी-रुंदीच्या आकड्यांना जे महत्त्व आहे, तेच या नोंदीस आहे. दोषदायित्व कालावधीत तक्रार उद्भवल्यास दोष मालाचा, हाताचा की निगराणीचा, याचा निर्णय या नोंदीवरूनच होऊ शकतो. राळेचे उरलेले द्रव आणि धुण्याचे रसायन गटारात वा नाल्यात ओतले जाणार नाही, याचीही खबरदारी घ्यावी. उल्हास नदीच्या पाण्यावर अनेक शहरांचा पाणीपुरवठा अवलंबून आहे. द्रव राळ हाताळणाऱ्या कामगारांस हातमोजे, चष्मा व मुखावरण देणे हेही कंत्राटाचाच भाग मानावे.

पुढील वर्षांची निगा

राळबद्ध पृष्ठभागाचा मुख्य गुण त्याच्या पोकळ्यांत आहे आणि त्या बुजल्या, की तो गुण नष्ट होतो. गुलमोहराची फुले, जांभळांचा सडा, कुजलेली पाने आणि बांधकामाची वाळू यांचा थर साचू न देणे ही निगेची पहिली पायरी. आठवड्यातून एकदा ताठ केसांच्या झाडूने झाडावे. तारेचा ब्रश वापरू नये. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर एकेकदा सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावे. दाबाचे यंत्र वापरल्यास पाण्याचा झोत पसरट ठेवावा आणि एका ठिकाणी रोखू नये. सावलीच्या जागी शेवाळ धरल्यास ते वाढण्याआधीच काढावे. वृद्ध माणसे आणि शाळकरी मुले यांच्या घसरण्याचे ते मोठे कारण होय.

पुराचे पाणी येणाऱ्या भागात अधिक दक्षता हवी. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने या खोऱ्याला दिलेला तडाखा आजही लोकांच्या स्मरणात आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली. अशा पुरापुढे दोन सेंटिमीटर जाडीच्या सच्छिद्र थराची मातब्बरी ती काय! पूर रोखण्याचे सामर्थ्य त्यात नाही. अंगणातील आणि पायवाटेवरील डबकी टाळणे एवढेच त्याचे कार्य आहे. पूर ओसरल्यावर गाळ ओला असतानाच धुऊन काढावा. तो वाळून पोकळ्यांत बसला, की काढणे दुष्कर होते.

उत्सवांचाही येथे विचार करावयास हवा. होळी पेटविण्यासाठी, फटाक्यांसाठी किंवा आचाऱ्याच्या भट्टीसाठी असा पृष्ठभाग वापरल्यास उष्णतेने राळ जळते. गणेशोत्सवाच्या मंडपाचे खांब रोवण्यासाठी त्यात खड्डे खणले, तर पाणी पायात शिरते आणि कडा तुटत जातात. अंथरणीच्या वेळीच ठरावीक अंतरावर झाकणासह लोखंडी नळ्या बसवून ठेवल्यास मंडळांची सोय होते आणि पृष्ठभागही सुरक्षित राहतो. तसेच जलवाहिनी, मलवाहिनी व विजेच्या तारा यांची कामे आधी पूर्ण करून घ्यावीत. पुढे दुरुस्ती करावी लागल्यास रंग जुळावा म्हणून त्याच खेपेच्या खडीची दोन-चार पोती नगरपरिषदेच्या किंवा शाळेच्या भांडारात राखून ठेवावीत.

कोठे वापरावा, कोठे वापरू नये

नवीन वस्तूचे आकर्षण स्वाभाविक असले, तरी प्रत्येक जागेस ती योग्य असतेच असे नाही. बस आणि मालमोटारींची वर्दळ असलेल्या रस्त्यास हा थर उपयोगी नाही. तेथे चांगले जोपासलेले काँक्रीट किंवा डांबरच हवे. औद्योगिक वसाहतीत जेथे तेल आणि द्रावके सांडतात, तेथेही तो टिकत नाही. ग्रामपंचायतीच्या मर्यादित निधीत एखादी गल्ली करावयाची असेल, तर साधे काँक्रीट घालून त्याला पूर्ण मुदतीचे पाणी देणे हे अर्धवट निगराणीतील महाग राळकामाहून शतपटीने बरे. राळबद्ध थराची जागा आहे ती उद्यानात, शाळेत, दवाखान्याच्या पायवाटेवर, झाडांच्या मुळांना पाणी मिळावे अशा ठिकाणी.

लोकांचे सहकार्य

अंथरणीनंतरचे दिवस हे केवळ अभियंत्याच्या आणि कंत्राटदाराच्या हाती नसतात. उल्हासनगरातील अरुंद गल्लीत दुकानदाराचा माल रोज येतो. गल्ली दोन दिवस बंद राहिली, तर त्याच्या कमाईवर परिणाम होतो आणि मग कुंपणाची दोरी बाजूला सारून हातगाडी आत येते. बदलापूर-अंबरनाथचा नोकरदार पहाटेच्या लोकलसाठी जवळची वाट धरतो. अंधारात त्याला नवा थर दिसत नाही. या माणसांना दोष देऊन भागणार नाही. त्यांच्या अडचणीची तरतूद कामाच्या नियोजनातच हवी. वाट पूर्ण बंद न करता अर्धी-अर्धी रुंदी घेणे, पर्यायी मार्ग आधी दाखविणे, रात्री कंदील किंवा लुकलुकता दिवा ठेवणे आणि फलकावर ‘काम चालू आहे’ एवढेच न लिहिता ‘अमुक तारखेस अमुक वाजेपर्यंत पाऊल ठेवू नये, अमुक तारखेपासून वाहने सोडता येतील’ असे स्पष्ट लिहिणे, यांस फारसा खर्च येत नाही. बंदीची मुदत आणि तिचे कारण ठाऊक असले, की बहुतेक लोक ती पाळतात.

फलकावर आणखी एक ओळ अवश्य असावी. थर सिमेंटचा असेल, तर ‘यास पाणी मारावे’. राळेचा असेल, तर ‘यावर पाणी टाकू नये’. रखवालदारापासून शाळेच्या शिपायापर्यंत सर्वांना ती वाचता यावी, इतक्या मोठ्या अक्षरांत ती लिहावी. सार्वजनिक पैशातून झालेले काम किती वर्षे टिकेल, याचा निर्णय पुष्कळदा पहिल्या आठवड्यातच लागलेला असतो आणि तो लागतो त्या वेळी तेथे अभियंता नसतो. असतो तो हातात पाण्याची नळी धरलेला एखादा सामान्य मनुष्य. ती नळी केव्हा सुरू करावी आणि केव्हा बंद ठेवावी, हे त्याला सांगणे हे काम करून घेणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य होय.